दोऱ्याचा हात

ताईचं पत्र चौदा महिने माझ्याकडे पडून होतं. खरं तर पडून नव्हतं, उभं होतं, कारण ते मी शब्दकोशाच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडांच्या मध्ये सरकवून ठेवलं होतं. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला कुठली वस्तू कुठे ठेवली हे विसरता येत नाही. दुसरं काहीही विसरता येतं.

पत्र छोटं होतं. ताई शिवणकाम शिकवायची. कापड असो की शब्द, वाया घालवलेला तिला खपत नाही.

"पुस्तक्या, रविवारी तीन वाजेपर्यंत मी जेवायची थांबले होते. सूनबाई फोनवर म्हणाली, तुला वाटेत बरं वाटेनासं झालं म्हणून तू परत फिरलास. तुझी आजारपणं तू चार वर्षांचा होतास तेव्हापासून मी ओळखते. खरं काय झालं ते एका ओळीत कळव. नाही कळवलंस, तर तुला यायचंच नव्हतं असं समजेन आणि पुन्हा बोलावणार नाही. – ताई."

एका ओळीत! मी नऊ वेळा उत्तर लिहायला बसलो. सर्वांत छोटा खर्डा दीड पानाचा झाला. त्यात हवामान होतं, बसचं वेळापत्रक होतं, वाढत्या वयाबद्दल काही विचार होते. खरं काय झालं तेवढं नव्हतं.

झालं होतं ते असं. ताई नव्या घरात राहायला गेली होती. तिने फोनवर पत्ता नीट समजावून सांगितला होता: पेट्रोलपंपापाशी उतर, डावीकडे वळ, शाळेच्या मागची पिवळी इमारत. मी पंपापाशी उतरलो. एका हातात तिच्यासाठी निवडलेल्या पुस्तकांची पिशवी, दुसऱ्या हातात एक रोप, कुंडीसकट. आणि तिथे माझी पंचाईत झाली.

मला डावं-उजवं कळत नाही. अगदीच कळत नाही असं नाही, पण चटकन कळत नाही. कोणी 'डावीकडे' म्हटलं की मला बोटाने हवेत स्वतःचं नाव लिहून बघावं लागतं. ज्या हाताने अक्षर नीट येतं तो उजवा, उरला तो डावा. ग्रंथालयात हे कधी कुणाला कळलं नाही. कुणी पुस्तक विचारलं की 'त्या डावीकडच्या कपाटात' असं सांगण्याऐवजी मी उठून त्यांच्याबरोबर कपाटापर्यंत जायचो. निरोप समारंभात तिघांनी माझ्या सौजन्यावर भाषणं केली.

त्या रविवारी मात्र दोन्ही हात अडकलेले. कुंडी खाली ठेवून हवेत नाव लिहावं, तर समोरच्या गॅरेजमधली चार माणसं काम सोडून माझ्याकडेच बघत होती. मग जड पिशवी ज्या बाजूला ओढत होती त्या बाजूला मी वळलो. दोन तास चाललो. वाटेत शाळा लागली नाही, पिवळं काही लागलं नाही. एका पंक्चरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सरळ जा काका, मग डाव्या हाताला." मी त्याचे आभार मानले आणि बसथांबा शोधून घरी आलो. घरी सांगितलं, बरं वाटेना.

रोप बाल्कनीत राहिलं. ताई दर आठवड्याला सूनबाईला फोन करते. सगळ्यांची चौकशी करते, बाल्कनीतल्या कुंड्यांचीसुद्धा. माझी करत नाही. मी शेजारच्या खुर्चीत पुस्तक धरून बसलेलो असतो आणि अर्धा तास एकच पान वाचतो.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे माझी नात. वय चार वर्षं दोन महिने, एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. तिच्या बालवाडीतून एक कागद आला: 'गणिताची पूर्वतयारी. घरी मुलांशी खेळता खेळता हे शब्द पक्के करून घ्या. वर, खाली, आत, बाहेर, पुढे, मागे, मध्ये, शेजारी, डावा, उजवा.' माझा मुलगा लिफ्ट बसवतो. वर-खाली हा त्याचा पोटापाण्याचाच विषय, पण त्या महिन्यात तो परगावी होता. सूनबाई दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, संध्याकाळी सातला येते. कागद माझ्यापुढे आला.

"बाबा, हे तुमच्याकडे."

"माझ्याकडे? मला कुठे गणित येतं?"

"वर-खाली, आत-बाहेर येतं ना? की तेही पुस्तकात बघावं लागेल?"

ती थट्टा करत होती. मी खरंच पुस्तकात बघितलं. तीन पुस्तकं आणली, टिपणं काढली आणि जुन्या सवयीने जाड कागदाची दहा कार्डं तयार केली. प्रत्येकावर एक शब्द, खाली चित्र. माझ्या चित्रांतला कुत्रा आणि टेबल यांत फरक करायला थोडा अभ्यास लागतो, पण खाली नाव लिहिलेलं होतं.

भिंगरीने कार्डं हातात घेतली, एकेक बघितलं आणि सगळी जमिनीवर पसरली.

"हे काय करतेस?"

"गादी. ससा कार्डांच्या वर झोपणार."

ससा कापडी होता, एक कान उसवलेला. मी म्हटलं, "भिंगरी, आपण आधी 'वर' हा शब्द शिकणार आहोत ना?" तिने माझ्याकडे दयेने बघितलं. तिने तो शब्द आत्ताच वापरला हे माझ्या लक्षात यायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी ती टेबलाखाली शिरली आणि तिथून हुकूम सोडला, "आजोबा, तू पण खाली ये."

"मी इथून सांगतो की."

"इथून नाही कळत. ये."

गुडघ्यांशी बोलणी करून मी खाली गेलो. टेबलाला खालून कोणीतरी खडूने आकडे घातले होते, बहुधा सुताराने. बावीस वर्षं मी त्या टेबलावर वाचत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं आणि ससा तिथे बसलेलो असताना सूनबाई आली.

"बाबा, चष्मा पडला का?"

"नाही. आम्ही टेबलाच्या खाली आहोत."

"ते दिसतंय."

"ससा माझ्या आणि आजोबांच्या मध्ये आहे," भिंगरीने खुलासा केला.

सूनबाईने पर्स ठेवली, वाकून आम्हा तिघांना नीट बघितलं आणि म्हणाली, "छान. वर या, म्हणजे जेवायला वाढते."

त्या आठवड्यात वर, खाली, आत, बाहेर, मध्ये, शेजारी सगळं पार पडलं. ससा बुटात गेला, डब्यात गेला, एकदा माझ्या टोपीत बसून बाहेर फिरून आला. मला वाटायला लागलं की आपल्यात शिक्षक होता, उगाच कपाटांमध्ये आयुष्य घालवलं. असं वाटलं की सावध व्हावं. मी झालो नाही.

कारण आता राहिले होते पुढे, मागे, डावा, उजवा. त्यासाठी मी शिस्त आणली. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर भिंगरी. ग्रंथालयातही असंच असायचं, एका बाजूला मी, समोर वाचक. दुसरी कुठली बसण्याची पद्धत मला माहीतच नव्हती.

मध्ये डबा ठेवला, डब्याच्या पलीकडे ससा. "ससा कुठे आहे?"

"पुढे," भिंगरी म्हणाली.

"मागे."

"पुढे. मला दिसतोय की!"

"डब्याच्या मागे आहे तो, बाळा. मी सांगतो ना."

'मी सांगतो ना' यापुढे चार वर्षांच्या माणसाला काही बोलता येत नाही. दोन दिवस ती भांडली, तिसऱ्या दिवशी 'मागे' म्हणायला लागली. मी वहीत बरोबरची खूण केली.

मग डावा-उजवा. इथे मी फार काळजी घेतली. आधी टेबलाखाली मांडीवर बोटाने नाव लिहून खात्री केली, मग डावा हात वर केला. माझा हात खिडकीच्या बाजूला होता. "हा डावा. आता तुझा डावा वर कर." भिंगरीने माझ्यासारखाच केला, तोही खिडकीच्या बाजूला. दोघांचे हात एकाच बाजूला! मी म्हटलं, "शाब्बास!" असा सराव आम्ही आठ दिवस केला. तिला झोपेतून उठवलं तरी ती न चुकता तोच हात वर करायची.

नवव्या दिवशी ती शाळेतून कपाळावर टेंगूळ घेऊन आली. बाईंनी सगळ्या मुलांना ओळीत उभं करून 'डावीकडे वळा' म्हटलं होतं. वीस मुलं एकीकडे वळली आणि भिंगरी दुसरीकडे. शेजारच्या मुलाच्या कपाळावर तिचं कपाळ आपटलं. तो रडला. बाकीची हसली.

"लागलं का खूप?" मी विचारलं.

ती सशाला उलटं धरून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखत होतं. शाळेत जाता येणार नाही, असं तिने पांघरुणातून कळवलं. पोट कुठे दुखतं विचारलं तर एकदा गुडघ्याजवळ दाखवलं. थोड्या वेळाने तिने दोन बिस्किटं खाल्ली आणि तिसरं मागितलं.

ते आजारपण मी ओळखलं. न ओळखून कसं चालेल? ते माझंच होतं.

सूनबाईची त्या दिवशी दुपारची पाळी होती. ती चहा घेऊन टेबलाशी आली. "बाबा, तुम्ही तिला शिकवायला कुठे बसता?"

मी दाखवलं. "मी इथे, ती तिथे."

"समोरासमोर?"

"हो. का?"

तिने कप खाली ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली. "हात वर करा. डावा." मी मांडीवर नाव लिहिलं आणि हात वर केला. तिने खिडकीच्या बाजूचा स्वतःचा हात वर केला. "आता सांगा, हा माझा कुठला?"

मी बघत राहिलो. तिच्या त्या हातात चहाचा चमचा होता. ती नेहमी ज्या हाताने चहा ढवळते तो.

"उजवा," मी म्हटलं.

"समोरच्याचं सगळं उलटं येतं, बाबा. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पेशंटची डावी दाढ आपल्या उजव्या अंगाला. पहिल्या आठवड्यात मी डॉक्टरांच्या हातात तीनदा भलत्या बाजूचा एक्स-रे दिला होता." ती हसायला लागली, मग थांबली. "पण आठ दिवसांत तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

विसराळूपणा, वय, चष्म्याचा नंबर, अशी तीन उत्तरं माझ्याकडे तयार होती. मी उठून आत गेलो.

भिंगरी पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती, तोंड भिंतीकडे. या वेळी मी समोर बसलो नाही. तिच्या शेजारी, तिच्यासारखंच भिंतीकडे तोंड करून बसलो. गुडघे दोनदा वाजले.

"भिंगरी, शाळेत तू चुकली नाहीस. मी चुकलो. मी तुला उलटं शिकवलं."

तिने मान वळवली. "तू चुकलास?"

"हो."

"आजोबा चुकला!" ती ओरडली. "आई! आजोबा चुकला!" इतका आनंद मी तिला कुठल्याही खेळण्याने देऊ शकलो नव्हतो.

"तुला डावा-उजवा येत नाही?" तिने विचारलं.

"नीट नाही येत."

"तू तर म्हातारा आहेस."

"म्हणून तर सांगायची लाज वाटते." मग मी तिला दोऱ्याचं सांगितलं. मी शाळेत कवायतीला असाच उलटा वळायचो. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिने शिवणाच्या डब्यातला निळा दोरा काढून माझ्या मनगटाला बांधला आणि म्हणाली, दोऱ्याचा हात तो डावा. वर्षभर मी एकदाही चुकलो नाही. दोरा झिजला की ती नवा बांधायची.

"मग आता कुठेय?"

"दहा वर्षांचा झालो तेव्हा काढून टाकला. ताईला सांगितलं, मला आता कळतं."

"कळत होतं?"

"नाही. मुलं दोऱ्याला हसायची."

भिंगरीने थोडा विचार केला. "मग तू तिला खोटं सांगितलंस."

"हो."

"मग ती रागावली?"

"तिला माहीतच नाही. साठ वर्षं झाली."

दारात कप वाजला. सूनबाई कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यावरून पलीकडे, बाल्कनीतल्या कुंडीकडे. "बाबा, म्हणजे त्या रविवारी..."

"दोन्ही हातांत सामान होतं," मी म्हटलं. "नाव लिहिता आलं नाही."

ती इतकी हसली की तिला पलंगाच्या कडेवर बसावं लागलं. डोळे पुसून म्हणाली, "चौदा महिने! आणि त्या तिकडे समजतात, तुम्हाला त्यांच्याकडे जायचंच नव्हतं. दर वेळी फोन ठेवताना मला विचारतात, 'तो शेजारीच बसलाय ना गं?' मी हो म्हटलं की गप्प होतात."

हे मला ठाऊक नव्हतं. मी नेहमी पुस्तकाचं पान धरून असायचो.

शिवणाचा डबा आमच्याकडे नाही, पण सूनबाईकडे बटणं लावायचा दोरा होता, निळाच. भिंगरीला दोरा बांधून घ्यायचा नव्हता. हसतील म्हणाली. शेवटी तडजोड झाली: मीही बांधायचा आणि शाळेच्या दारापर्यंत तिच्यासोबत यायचं, बाही वर करून. आम्ही दोघांनी हात पुढे केले आणि सूनबाईने आधी आमच्या शेजारी बसून खात्री करून घेतली, मग गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात बाईंनी आमची दोन मनगटं बघितली. मी अनोळखी माणसांशी सहसा बोलत नाही, पण भिंगरीने माझी बाही ओढली. "सांग ना."

मी सांगितलं. समोरासमोर बसण्यापासून ते मांडीवर नाव लिहिण्यापर्यंत सगळं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणून डावा-उजवा शिकवताना मी मुलांकडे पाठ करून उभी राहते. पहिली दोन वर्षं मीही सगळ्यांना उलटं शिकवलं. ती मुलं आता कॉलेजात असतील. कुठे वळत असतील देव जाणे."

धीर आला म्हणून मी माझी जुनी शंका विचारली: यात गणित कुठे आहे? मला वाटायचं, गणित एकापासून सुरू होतं.

"एकाच्या पुढे दोन, आजोबा," बाई म्हणाल्या. "पुढे म्हणजे काय ते कळल्याशिवाय दोन कुठून येणार?"

"मग डब्याच्या पलीकडे ससा असला, तर तो मागे की पुढे?"

"कोण बघतंय? तुम्ही की ती?"

"दोघं. समोरासमोर."

"मग तुमच्यासाठी मागे, तिच्यासाठी पुढे. दोघांचं बरोबर."

भिंगरीने कमरेवर हात ठेवले. "मी सांगितलं होतं!" मी तिची माफी मागितली. तिने ती सशाच्या वतीनेही स्वीकारली आणि धावत आत गेली. आत मुलांनी दोरा बघितला. परत आणायला गेलो तेव्हा आणखी सहा जणांना तसा दोरा हवा होता.

त्याच दुपारी मी कागद घेऊन बसलो. भिंगरी शेजारच्या खुर्चीवर उभी होती.

"काय हवंय तुला?"

"ताईआजीचं पत्र."

"ते काय. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये." तिने कधी बघून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

मी ते काढून पुढ्यात ठेवलं. दहावा खर्डा लिहायला मला एक मिनिटही लागलं नाही: "ताई, मी पंपापाशी उतरलो होतो, पण दोन्ही हातांत सामान होतं आणि मनगटाला दोरा नव्हता."

सूनबाईला त्या दिवशी सुट्टी होती. तिने खांद्यावरून वाचलं. "पुढच्या रविवारी येऊ का, ते विचारा की."

"तिने एकच ओळ मागितली आहे."

"मग कागदाच्या मागे लिहा. तिथे कोण मोजतंय?"

मागे मी लिहिलं, "रोप कमरेएवढं झालं आहे. बोलावशील का?" आणि उरलेल्या जागेत भिंगरीने आम्हा तिघांना काढलं, सशासकट. माझ्या चित्रांपेक्षा बरं होतं. निदान कुत्रा कुठला आणि टेबल कुठलं असा प्रश्न पडत नव्हता.

टपालपेटी आमच्या रस्त्याच्या टोकाला, बेकरीच्या शेजारी आहे. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात भिंगरीचा हात. म्हणजे पुन्हा दोन्ही हात अडकलेले. फाटकातून बाहेर पडलो आणि मी सवयीने ग्रंथालयाच्या बाजूला वळलो.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "दोऱ्याकडे."

मी मनगट बघितलं आणि दोऱ्याकडे वळलो. बेकरीवाला दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं. पेटीपाशी मी तिला उचललं, कारण पेटीचं तोंड तिच्या डोक्याच्या बरंच वर होतं. तिने पाकीट अर्धं आत सरकवलं आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"सोडू?"

आत हात घालून पत्र परत काढता येईल का, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. पेटीचं तोंड अरुंद होतं.

"सोड," मी म्हटलं.

तिने सोडलं. मग पेटीला कान लावला आणि मला सांगितलं, "पडलं. आत."